ढेकळाच्या अंगावरची साय: कासारी खोऱ्यातील एका सपाट केलेल्या शेताचे प्रकरण

पन्हाळा तालुक्यात, कासारी नदीच्या खोऱ्यात, डोंगराच्या पायथ्याला लागून असलेल्या सुमारे दीड एकराच्या एका शेताचे हे प्रकरण आहे. या शेतात पूर्वी तीन ताली होत्या. वरच्या तालीत नाचणी आणि भुईमूग, खालच्या दोन तालींत भात होत असे. नदीवरून उपसा पाण्याची सोय झाल्यावर शेतकऱ्याने तिन्ही ताली मोडून उसासाठी एकच मोठा डाग करायचे ठरवले. मे महिन्याच्या अखेरीस, दोन चांगले वळीव पडून गेल्यावर आणि मातीत ओल असतानाच, जेसीबी लावून वरच्या अंगाची माती खालच्या अंगाला ओढण्यात आली. पुढच्या लावणीत भरावाच्या बाजूचा ऊस जोमाने वाढला, पण माती काढलेल्या बाजूचा ऊस पिवळा पडून खुरटला, फुटवे कमी आले, आणि पाऊस थांबून पाच-सहा दिवस उलटले तरी त्या सऱ्यांतले पाणी हटेना. वाफसा येण्याआधीच दुसरा पाऊस येई.

त्या भागात पाहणीला आलेल्या एका सल्लागाराने मातीचे ढेकूळ फोडून पाहिले, आतली चकाकी पाहून जमीन चोपण झाल्याचे सांगितले आणि एकरी काही टन जिप्सम टाकण्याचा सल्ला दिला. खर्च करण्याआधी शेतकरी आमच्याकडे आला. पिशवीतून आणलेले ढेकूळ त्याने टेबलावर फोडले आणि म्हणाला, "सर, हे बघा, आतनं तेल लावल्यागत चमकतंय. चोपण झालीया म्हणत्यात, खरं काय?"

प्रश्न नेमका होता. ढेकळाच्या अंगावर जी चमक दिसते ती कशाची, हे कळल्याशिवाय उपाय सांगणे म्हणजे अंदाजाने औषध देणे झाले असते.

चोपण जमिनीबद्दल आधी थोडे सांगितले पाहिजे, कारण कोल्हापूर जिल्ह्यात ती आहे आणि तिचा धाकही खरा आहे. शिरोळकडच्या काळ्या, भारी जमिनींत वर्षानुवर्षे अतोनात पाणी दिल्याने आणि निचरा न झाल्याने क्षार वर आले आणि काही ठिकाणी मातीच्या कणांवर सोडियम बसला. अशा विनिमययोग्य, म्हणजे कणांवर बसलेल्या पण हुसकावता येणाऱ्या, सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांच्या वर गेले आणि सामू ८.५ च्या पुढे सरकला की जमीन चोपण झाली असे मानतात. तेथे जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला हुसकावून लावते आणि उपाय लागू पडतो. पण पन्हाळ्याच्या पायथ्याशी उतारावरच्या जमिनीत, जेथे दर पावसाळ्यात भरपूर पाणी मातीतून आरपार जाते, सोडियम साचून राहणे अवघड आहे. आम्ही त्या ढेकळाचा सामू पाहिला तर तो सहाच्या थोडासा वर भरला, म्हणजे माती किंचित आम्लधर्मी होती. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर बुडबुडे आले नाहीत, म्हणजे चुनखडीही नव्हती. तेव्हा चोपणपणाची शंका जवळपास तेथेच मिटली, पण चमक मात्र तशीच उरली.

खड्डा

शेताच्या एका कोपऱ्यात जुन्या आंब्याभोवतीची चार-पाच गुंठे जागा यंत्रवाल्याने सोडून दिली होती. ही गोष्ट आमच्या फार उपयोगी पडली, कारण मूळ माती कशी होती ते पाहायला दुसरी जागाच नव्हती. एक खड्डा आम्ही तेथे घेतला आणि दुसरा माती काढलेल्या भागात, दोन्ही हातभर रुंद आणि कमरेपेक्षा खोल.

आंब्याखालच्या खड्ड्यात वरची वीतभर माती तांबूस तपकिरी, भुसभुशीत आणि मुळांनी भरलेली होती. तिच्याखाली तेवढ्याच जाडीचा, किंचित फिकट थर होता. तेथून पुढे, साधारण ४५ सेंटिमीटरच्या खाली, माती गडद लाल आणि चिकट झाली. हातात घेतली की ती सुपारीएवढ्या कोनेदार खड्यांत फुटे आणि प्रत्येक खड्याच्या अंगावर ती चमक होती. ९० सेंटिमीटरच्या आसपास मुरूम लागला, आणि नवल म्हणजे मुरमाच्या भेगांतही तोच लाल, गुळगुळीत थर पसरलेला होता. दुसऱ्या खड्ड्यात वरचे दोन्ही थर गायब होते. उसाची लावण सरळ त्या गडद लाल थरातच झालेली होती.

येथे आमच्याकडून झालेली एक चूक नोंदवणे आवश्यक आहे, कारण अशी चूक अनेकांकडून होते. पहिल्या दिवशी आम्ही कुदळीने आणि फावड्याने तासलेल्या भिंतीकडे पाहून चमकदार पृष्ठभागांची नोंद केली. ओली चिकणमाती फावड्याच्या पात्याखाली घासली की तीही चमकते, आणि त्या नोंदीतला बराच भाग फावड्याचाच होता. दुसऱ्या दिवशी भिंतीवरची चार बोटे माती चाकूच्या टोकाने उचकटून काढली, खडे आपोआप जेथे सुटतात तेथेच सुटू दिले आणि मगच भिंग लावले.

तीन शक्यता

मातीच्या खड्यावर चमक येण्याची मुख्य कारणे तीन, आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळेच सल्ले चुकतात.

पहिले कारण दाबाचे. काळ्या जमिनीतली माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि फुगताना खडे एकमेकांवर घसरून त्यांची अंगे घासली जातात. शिरोळ तालुक्यातल्या खोल काळ्या मातीत असे घासलेले पृष्ठभाग हातभर लांबीचेही मिळतात. ते क्षितिजाशी १० ते ६० अंशांच्या कोनात तिरपे असतात आणि त्यांवर समांतर चरे ओढलेले दिसतात. सुईने खरवडले तर वेगळा असा थर निघत नाही, कारण तेथे वरून काही आलेलेच नसते. आतली आणि अंगावरची माती एकच असते. आमच्या खड्यांवर चरे नव्हते, आणि सुईच्या टोकाने नेटाने खरवडल्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ तुकडे उचलून येत होते. पापुद्र्याखालची माती खरखरीत होती, तीत कुजलेल्या दगडाचे पिवळट दाणे दिसत होते; पापुद्र्यात मात्र एकही दाणा नव्हता.

दुसरे कारण लोह आणि मँगनीजच्या थरांचे. काही खड्यांवर काळे, शाईसारखे ठिपके होते. त्यांवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकताच ते जोरात फसफसले, म्हणजे ते मँगनीजचे. तेथे पावसाळ्यात काही काळ पाणी तुंबते, एवढाच त्यांचा अर्थ. पण लाल चमक त्यांच्यामुळे नव्हती, कारण तिच्यावर तोच थेंब थंड राहिला.

उरले तिसरे कारण, आणि ते म्हणजे वरच्या थरातून पाण्याबरोबर खाली आलेल्या अतिसूक्ष्म चिकणमातीचा लेप. मातीचे शास्त्र शिकणारे त्याला क्ले स्किन किंवा क्ले कोटिंग म्हणतात. ऑस्ट्रेलियाचे रॉय ब्रूअर यांनी १९६० मध्ये अशा सर्व लेपांना 'क्यूटन' हे नाव दिले आणि त्यांतल्या चिकणमातीच्या लेपाला 'आर्जिलान' म्हटले. शेतकऱ्याने मात्र खड्ड्यात बसल्याबसल्या त्याला 'साय' म्हटले, आणि मला ते नाव अधिक नेमके वाटते.

साय कशी धरते

चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनपेक्षा, म्हणजे ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक असतो. पण लेपात येतो तो मुख्यतः त्याहून दहापट बारीक, ०.२ मायक्रॉनखालचा अंश. हे कण वर सुटे होऊन पाण्यात तरंगले पाहिजेत, मग मोकळ्या वाटेने खाली उतरले पाहिजेत आणि तेथे कशाने तरी अडले पाहिजेत. कोल्हापूरच्या हवामानात ही तिन्ही कामे जूनच्या पहिल्या पावसात एकामागून एक घडतात. फेब्रुवारी ते मे कोरडी पडलेली माती मृगाच्या सरींनी एकदम भिजते, आत कोंडलेल्या हवेच्या दाबाने वरचे खडे फुटतात, आणि पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसल्यामुळे बारीक कण एकमेकांपासून सुटे होऊन पाणी गढूळ होते. हे गढूळ पाणी भेगांतून, मुळे कुजून झालेल्या नळ्यांतून आणि गांडुळांच्या वाटांतून खाली धावते. खालचे खडे अजून कोरडेच असतात. ते पाणी शोषून घेतात, आणि कण मात्र त्यांच्या अंगावर गाळले जाऊन अडकतात.

कोल्हापूरच्या कुंभारवाड्यात सुकलेल्या कच्च्या मडक्यावर गेरूचा पातळ हात फिरवताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. मडके पाणी पिते, गेरू अंगावर राहतो, आणि बोट फिरवले की तो झळकू लागतो. मातीचे हे कण पत्त्यांसारखे चपटे असल्यामुळे पाणी आत ओढले जाताना ते पृष्ठभागाला समांतर, एकावर एक आडवे बसतात. सगळे पत्ते एका दिशेने पडले की प्रकाश एकाच दिशेने परततो, आणि माती तेल लावल्यासारखी चमकते. कोरड्या-ओल्याच्या प्रत्येक फेऱ्यात एक नवा पापुद्रा चढत जातो.

ही साय जिल्ह्यात सगळीकडे सारखी धरत नाही. गगनबावड्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथल्या पठारांवरच्या जांभ्या मातीत लोहाची संयुगे चिकणमातीच्या कणांना इतके घट्ट बांधून ठेवतात की कण सुटेच होत नाहीत, आणि हाताला ती माती चिकण असूनही रवाळ लागते. पूर्वेला शिरोळकडे पाऊस त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्श्यावर येतो. तेथे चुनखडीतले कॅल्शियम कणांना गोळा करून ठेवते, आणि एखादा लेप धरलाच तरी मातीचे फुगणे-आक्रसणे त्याला मोडून टाकते. या दोन टोकांच्या मधला जो पट्टा आहे, जेथे चुनखडी धुऊन गेली आहे पण लोहाची पकड अजून पुरती बसलेली नाही, आणि जेथे ओला व कोरडा काळ स्पष्ट वेगळा आहे, तेथे लेप धरायला सर्वांत अनुकूल स्थिती असते. आपले शेत नेमके याच पट्ट्यात होते.

सूक्ष्मदर्शकाखाली

भिंगाने पाहून झालेले मत आम्ही पक्के मानले नाही. न मोडलेला खडा वाळवून, राळेत भिजवून कडक केला आणि घासून त्याचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा पातळ छेद करून घेतला. माती अशी अखंड ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासण्याची पद्धत ऑस्ट्रियाचे वॉल्टर कुबिएना यांनी रुजवली. १९३८ सालच्या त्यांच्या ग्रंथानंतर ती जगभर पोचली.

साध्या प्रकाशात लेप मधासारखा, नारिंगी-पिवळा आणि आरपार स्वच्छ दिसला. त्याची आतली कडा धारदार होती. जेथे खड्याची माती संपते तेथेच लेप सुरू होतो, मध्ये सरमिसळ नाही. ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा, प्रकाश लावून त्यासाठीचे दोन पोलॅरॉइड एकमेकांना आडवे केले आणि छेद हळूहळू फिरवला, तेव्हा लेपावरून काळ्या पट्ट्या झाडू फिरवावा तशा सरकू लागल्या. एका गोल नळीच्या कडेला तर काळी फुली उमटली, आणि छेद कितीही फिरवला तरी ती जागची हलली नाही. कण सुव्यवस्थित, पृष्ठभागाला समांतर बसलेले असल्याचा याहून स्वच्छ पुरावा नाही. दाबाने घासलेल्या मातीतही थोडी दिशा दिसते, पण अशी धारदार कडा आणि असे थरावर थर तेथे नसतात.

सर्वांत बोलकी होती ती लेपातली क्रमवारी. आतले, म्हणजे जुने पापुद्रे स्वच्छ होते; नळीच्या पोकळीकडचे, म्हणजे अलीकडचे, मळकट होते आणि त्यांत पोयट्याचे कण, कोळशाच्या बारीक चुऱ्यासारखे काळे ठिपके अडकलेले होते. झाडीने झाकलेल्या जमिनीतून संथपणे उतरणारे पाणी फक्त सर्वांत बारीक कण आणते; जमीन उघडी पडली, भाजली गेली किंवा नांगरली गेली की पाणी वेगाने उतरते आणि जाड कणही ओढून नेते. उतारावर भाजावळ करून नाचणी घेण्याची जुनी पद्धत लक्षात घेता हा बदल सहज पटतो, तरी मळकट लेप म्हणजे नांगरटच असे मी म्हणणार नाही. झाडी तुटली किंवा वणवा लागला तरीही असेच घडते.

लेप सुईने खरवडून त्याचे रासायनिक पृथक्करण करणे हे कंटाळवाणे काम आहे. चिमूटभर नमुन्यासाठी दोन दिवस भिंगाखाली बसावे लागले, कारण खालची माती मिसळली की सगळे फुकट जाते. क्ष-किरण तपासणीत लेपात आणि खड्याच्या आतल्या मातीत खनिजे तीच मिळाली, केओलिनाइट आणि स्मेक्टाइट. मात्र लेपात स्मेक्टाइटचा वाटा अधिक होता. या तपासणीतल्या रेषा खनिजाच्या थरांमधले अंतर दाखवतात; ग्लायकॉल दिल्यावर १४ अँगस्ट्रॉमच्या आसपासची रेषा सरकून १७ वर गेली, म्हणजे खनिज फुगले, यावरून स्मेक्टाइट ओळखू आले, आणि ५५० अंश सेल्सिअसला तापवल्यावर ७ ची रेषा नाहीशी झाली यावरून केओलिनाइट. स्मेक्टाइटचे कण अधिक बारीक असल्यामुळे पाण्याबरोबर तेच आधी निघतात, म्हणून लेप हा आतल्या मातीचा निवडलेला अंश असतो. डायथायोनाइट या रसायनाने विरघळवून काढलेले मुक्त लोहही लेपात जास्त भरले. सायीचा गडद लाल रंग त्या लोहाचा.

खालच्या थरातली एकूण चिकणमाती वरच्याच्या सव्वापटीहून थोडी अधिक होती. अमेरिकी मृदा वर्गीकरणात वरच्या थरात १५ ते ४० टक्के चिकणमाती असताना खालच्या थरात ती किमान १.२ पट असावी, अशी अट चिकणमाती वरून उतरून साचलेल्या थरासाठी घातली आहे आणि ती येथे पुरी होते. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नये असे माझे मत आहे. डोंगरावरून वाहून आलेली हलकी माती जुन्या चिकण मातीवर पसरली तरी हेच गुणोत्तर मिळते. येथे छेदातला लेप हाती होता म्हणून आकड्याला अर्थ आला.

मग पाणी का तुंबते?

येथपर्यंत आल्यावर एक सोपा निष्कर्ष समोर उभा राहतो, की लेपामुळेच पाणी अडते. तो चुकीचा आहे. आंब्याखालच्या खड्ड्यात तोच थर, त्याच लेपांसह शाबूत होता, आणि तेथे ओतलेले घागरभर पाणी आमच्या डोळ्यांदेखत खड्यांमधल्या फटींतून उतरून गेले. लेप खड्याच्या आत पाणी आणि अन्नद्रव्ये सावकाश जाऊ देतो, हे खरे. मुळेही खड्यात न शिरता त्याच्या अंगावरून चपटी होऊन पसरलेली दिसली. पण खड्यांमधल्या वाटा मोकळ्या असतील तोवर जमीन निचरते, आणि लेपाने लिंपलेल्या त्या वाटा उलट टिकाऊ होतात.

खरा उलगडा शेतकऱ्याच्या सोप्यात, दोन काचेच्या पेल्यांत झाला. दोन्हींत पावसाचे साठवलेले पाणी घेतले. एकात आंब्याखालच्या लाल थराचा वाळलेला खडा अलगद सोडला. तो फुटून त्याचा ढीग झाला, पण पाणी नितळ राहिले. दुसऱ्यात तीच माती, पण ओली करून बोटांनी चांगली मळून केलेली गोळी सोडली. तासाभरात तिच्याभोवती दुधट ढग पसरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही पेला गढूळच होता. चोपण माती न मळताच असा ढग सोडते. ही माती मळल्यावरच सोडत होती. ऑस्ट्रेलियाचे एमर्सन यांनी १९६७ साली मातीच्या खड्यांचे जे वर्ग पाडले त्यांतला हा स्पष्ट वेगळा वर्ग आहे. शेतकरी पेल्यांकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "म्हंजे मशीननं मळली म्हणायची."

माती काढलेल्या भागातल्या वीतभर खोलीवरून घेतलेल्या छेदाने त्याला दुजोरा दिला. तेथे लेप जागेवर नव्हते. त्यांचे तुकडे मातीत इतस्ततः, वाटेल त्या दिशेने रुतलेले होते आणि नळ्या मिटून गेल्या होत्या. वळिवाच्या ओलीत यंत्राच्या चाकांखाली आणि बकेटखाली हा थर कणकेसारखा मळला गेला, खड्यांमधल्या फटी बुजल्या, सुटी झालेली सूक्ष्म चिकणमाती पहिल्याच पावसात उरल्यासुरल्या छिद्रांच्या तोंडाशी बसली. हजारो वर्षांत कणाकणाने खाली साचलेले द्रव्य एका आठवड्यात पृष्ठभागावर आले आणि त्यातच उसाचे डोळे लावले गेले.

उपाय

जिप्समबाबत आम्ही नको म्हटले, पण त्याचे कारण नीट सांगितले. जिप्सम पाण्यात थोडे क्षार वाढवते आणि सुट्या कणांना गोळा करते, त्यामुळे अशा मातीतही ते अगदीच निरुपयोगी नाही. पण मिटलेल्या वाटा ते उघडत नाही, आणि सोडियमच नसताना टनावारी टाकण्यात अर्थ नाही.

भरावाच्या बाजूला वरच्या सुपीक मातीचा जाड थर पडला होता. त्यातली वीतभर माती परत वर न्यावी, आणि ती फक्त मार्च-एप्रिलमध्ये, पूर्ण कोरडी असताना, असे सुचवले. त्याआधी माती काढलेल्या भागात सबसॉयलर, म्हणजे खालचा थर खोलवर फोडणारा नांगर, चालवावा, तोही माती इतकी कोरडी असताना की फाळामागे ती तडकेल, मळली जाणार नाही. पावसाळ्यात त्या भागात ऊस न घेता ताग पेरावा, फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास गाडावा. त्याची मुळे कुजून ज्या नळ्या होतील त्याच पाण्याच्या नव्या वाटा ठरतील. वरच्या बांधालगत आडवा चर काढून डोंगरावरचे पाणी शेताबाहेर वळवावे, आणि पुढच्या उसात पाचट न जाळता सरीत पसरावे, म्हणजे सरींचा मारा उघड्या मातीवर बसणार नाही.

शेतकऱ्याने सबसॉयलर, ताग आणि चर ही कामे पहिल्याच वर्षी केली. माती परत नेण्याचे काम खर्चामुळे निम्मेच झाले. पुढच्या पावसाळ्यानंतर आम्ही पुन्हा खड्डा घेतला. जेथे माती परत पडली होती तेथे वाफसा भरावाच्या भागापेक्षा दोन दिवसच उशिरा येत होता. उरलेल्या निम्म्या भागात पाणी अजून रेंगाळत होते, पण सरीत उभे राहत नव्हते. गुडघ्याएवढ्या खोलीवर सबसॉयलरने पाडलेल्या भेगेत तागाच्या मुळाची एक रिकामी नळी सापडली. भिंगाखाली तिच्या भिंतीवर मळकट, तांबूस, नखाच्या कडेपेक्षाही पातळ असा एक पापुद्रा नुकताच बसू लागलेला होता.